जीपगाडी, तिचे सामान आणि समोरची जागा

मी, सुगंधाबाई, मयत गुणवंतराव पचारे यांची पत्नी, जात ढिवर, धंदा घरकाम व मासळीविक्री, वय अदमासे पंचेचाळीस, राहणार अहेरी, तहसील सिरोंचा, जिल्हा चांदा, आपल्या घराच्या ओसरीत बसून खुशीने लिहून ठेवते की, माझ्या पोटात गाठ आहे, डोक्यात नाही. पोटाचे चांद्याच्या डॉक्टरांनी सांगितले, डोक्याचे मी सांगते. मला सही करता येते, पण लांबलचक लिहिणे जमत नाही. म्हणून बापूजी नागोसे अर्जनवीस यांना बोलावून हे लिहवीत आहे. काही ठिकाणी ते म्हणतात की असे मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी त्यांना सांगितले आहे की मरणार मी आहे, तेव्हा लिहा.

माझ्यामागे माझा मुलगा नथ्थू, जो सज्ञान असून आलापल्लीच्या आरागिरणीत कामाला आहे, मुलगी कमळा, जी अजून अज्ञान आहे, आणि माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण ताराबाई, ज्या बालविधवा असून माझ्या लग्नाआधीपासून याच घरात आहेत, अशी तीन माणसे राहतील. माझ्या मिळकतीची वाटणी मी पुढीलप्रमाणे करते.

कलम पहिले. अहेरी येथील कवेलूच्या छपराच्या घरातील माझा हिस्सा नथ्थूला द्यावा. ताराबाईंना या घरातून हयातीपर्यंत कोणी उठवू नये. हे मी प्रेमाने लिहीत नाही. यजमानांचा शब्द आहे म्हणून लिहिते. श्रावणात तापाने ते गेले, तेव्हा मी त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. शेवटचे बोलले ते एवढेच, "बाईले सांभाळजो." बाई म्हणजे त्यांची बहीण. माझ्याविषयी काही बोलायचे राहिले असेल, म्हणून मी बराच वेळ वाट पाहिली.

कलम दुसरे. माशांची जाळी, भोवरजाळे धरून, व प्राणहितेच्या काठी बांधलेला डोंगा नथ्थूचा. जाळे वाळवल्याशिवाय गुंडाळू नये.

कलम तिसरे. माझी जीपगाडी. ही पूर्णपणे माझ्या मालकीची आहे व त्याबद्दल कोणी वाद काढू नये. माझ्या वडिलांना मुलगा नव्हता. पोंभुर्ण्याकडची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेले शेत, त्यांनी मला दिली होती. ती विकून ही गाडी घेतली आणि कागद माझ्या नावाचा झाला. यजमान लढाईत मिलिटरीचे ड्रायव्हर होते. लढाई संपल्यावर सरकारने जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा ते नागपूरला जाऊन हिला घेऊन आले. चारी चाके ओढणारी, डाव्या हाताला चालवायचे चाक असलेली, टपाला भोके पडलेली. गाव पाहायला जमले. ते म्हणाले, "आता रस्ता नसला तरी चालते. आपल्या घरच्या माणसाइले सारा जंगल दाखवतो."

मी त्या वेळी फार आनंदात होते. बांधी गेल्याचे काही वाटले नाही.

मग त्यांनी गाडी सजवायला घेतली. आरागिरणीतले सागाचे तुकडे आणून मागे दोन्ही बाजूंना बाके केली, बाकांखाली झाकणाच्या पेट्या केल्या. एकीत तांदूळ, डाळ, तिखट-मीठ. दुसरीत स्टोव्ह, भांडी व मच्छरदाण्या. मागच्या बाजूला पाण्याचे डबे अडकवायला लोखंडी चौकट. वाळूत चाक रुतले तर खाली घालायला दोन फळ्या, साखळी, जाड दोर. लोखंडी कमानींवर नवी ताडपत्री. नदीतून जाताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून धूर सोडणारी नळी वाकवून टपाच्या वर नेली. कामावरून आले की अंधार पडेपर्यंत ते त्या गाडीखाली असत. चहा मी न्यायची. घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "बाई कुठी हाय? तिले बलाव. बसून पाह्यते का."

समोर, त्यांच्या शेजारी, एकच जागा होती. तिथे त्यांनी सावरीच्या कापसाची गादी शिवून घातली. धरायला चामड्याचा पट्टा लावला. गाडीची पायरी उंच म्हणून खाली आणखी एक पायरी जोडली. हे सगळे ताराबाईंसाठी. मागे बसले की त्यांना मळमळते, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि भावाने ते मान्य केले. मला मळमळते का, असे कोणी विचारले नाही. मार्कंड्याच्या जत्रेला गेलो, सूरजागडच्या डोंगराखाली गेलो, सिरोंच्याला गोदावरी पाहायला गेलो. जंगल मी पाहिले ते मागच्या बाजूने, धूळ खात, भांड्यांवर पाय ठेवून, निघून गेलेले. वाघ दिसला तेव्हा समोरून ताराबाईंनी पाहिला. मी ताडपत्री वर करेपर्यंत हलणारे गवत राहिले होते.

बापूजी म्हणतात, एवढ्याशा जागेचे काय. त्यांना मी विचारले, तुमच्या घरी यजमानाशेजारी कोण बसते? त्यांनी पुढचे कलम सांगा म्हटले. परंतु हे कलम संपलेले नाही.

भामरागडची गोष्ट इथे लिहिणे जरूर आहे, कारण ती अहेरीच्या बाजारात चुकीची सांगितली जाते. ती मीच सांगितल्यावाचून कोणी दुरुस्त करणार नाही.

नथ्थू त्या वेळी आठेक वर्षांचा होता, कमळा कडेवरची. दिवाळी झाली होती, पाऊस संपला असे सगळे धरून चालले होते. भामरागडपाशी पर्लकोटेच्या उतारावर यजमानांनी गाडी थांबवली, पंख्याने इंजिनावर पाणी उडू नये म्हणून त्याचा पट्टा काढला, पाण्यात काठी घालून पाहिली आणि गाडी घातली. मधोमध आलो आणि उजवे चाक खडकावरून घसरून खड्ड्यात गेले. गाडी कलली, इंजिन बंद पडले. पाणी बाकांना लागले. वर डोंगरात कुठे तरी पाऊस झाला असावा, कारण आमच्या डोळ्यांदेखत पाणी लाल होऊन चढू लागले.

ताराबाई किंचाळत नव्हत्या. समोरचा चामड्याचा पट्टा धरून नुसत्या बसल्या होत्या. यजमानांनी त्यांचा हात सोडवला, त्यांना खांद्यावर टाकले आणि मला म्हणाले, "सुगंधा, तुले पोहता येते. पोराइले घे."

आणि ते निघाले. पाणी त्यांच्या छातीला होते. मागे वळून पाहिले नाही.

मी कमळेला पदराने पाठीशी बांधले, नथ्थूचा दंड धरला आणि उडी घेतली. मी वैनगंगेत वाढलेली आहे, पण वैनगंगेत मी कधी दोन लेकरे घेऊन पोहले नव्हते. धार आम्हाला खाली घेऊन गेली. एकदा नथ्थूचा दंड सुटला, केस हाताला आले, केसांनी ओढला. बरेच खाली एका उंबराच्या मुळ्या सापडल्या आणि काठाला लागलो. लेकरांना खोकू दिले, रडू दिले, मग काठाने चालत वर आले. यजमान जमिनीवर बसून ताराबाईंचे तळपाय चोळत होते. मला पाहून म्हणाले, "आली का." बस्स, एवढेच. आणि पुन्हा चोळू लागले.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरले. काठच्या गावच्या लालसू तलांडीने आणि तिथल्या माडिया माणसांनी दोर बांधून गाडी बाहेर ओढून दिली. आम्ही घरी आलो. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी ताराबाईंची गोष्ट सुरू झाली. भावाने पुरातून बहिणीला कसे काढले. बाया डोळे पुसायच्या. म्हणायच्या, भाऊ असावा तर असा. मी तिथेच मासळीची पाटी घेऊन बसलेली असायची. गोष्टीत मी नसायची, लेकरे नसायची. यजमान शेजारून गेले तरी हसून पुढे जायचे, काही दुरुस्त करायचे नाहीत.

म्हणून या मृत्युपत्राद्वारे मी नोंदवते की, त्या दिवशी पर्लकोटा नदीतून नथ्थू व कमळा यांना मी काढले.

यजमान गेल्यावर मार्कंड्याला अस्थी न्यायच्या होत्या. गाडी लच्छू ड्रायव्हरने चालवली. ताराबाई सवयीने समोरच्या पायरीवर पाय ठेवत होत्या. मी म्हणाले, "बाई, तुम्ही मागं बसा." त्या मागे गेल्या. मी समोर बसले. गादीत त्यांच्या अंगाचा खड्डा पडलेला होता. मी त्यात सारखी एका बाजूला घसरत होते. अर्ध्या वाटेवर त्यांना ओकारी झाली. कमळा म्हणाली, "आई, फुईले समोर बसू दे ना." मी लच्छूला गाडी चालवायला सांगितले. घरी आल्यावर गादी उसवली, नवी सावर भरली.

तरी, ही गाडी पेट्या, फळ्या, साखळी, दोर, ताडपत्री या सर्व सामानासह कमळेला द्यावी. नथ्थूचे मन आहे की ती ठेकेदाराला विकून टाकावी. त्याने विकू नये. कमळा मोठी होईपर्यंत त्याने चालवावी आणि दर वर्षी धान निघाल्यावर बहिणीला जंगलात न्यावे. ती समोर बसेल. लग्न झाल्यावरही तीच समोर बसेल.

कलम चौथे. कमळा सज्ञान होईपर्यंत तिच्या पालक म्हणून ताराबाईंना नेमते. हे कलम सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दुसरे कोणी नाही. नथ्थू दिवसभर आरागिरणीत असतो. मी गेल्यावर वर्षभरात कमळा त्यांच्या मांडीवर डोके ठेवून निजेल, त्यांच्यासारखी भाजी करील, आणि बाप कसा होता हे त्यांच्या तोंडून ऐकेल. मला चितेवर ठेवायच्या आधीच मी या गोष्टीने जळते आहे. तरी नेमते.

एवढे सांगून झाल्यावर बापूजींनी सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. साक्षीदार हजर होते. ताराबाई आत धान कांडत होत्या. भामरागडचे वाचन सुरू झाले तसे मुसळ थांबले. वाचून संपल्यावर त्या दारात आल्या आणि जे बोलल्या ते मी बापूजींना जसेच्या तसे लिहायला लावले आहे.

त्या म्हणाल्या, "तो मांगं पाह्यला नाई, हे खरं हाय. कसा पाह्यन? धारीत वळला असता त दोघंही गेलो असतो. मी त्याच्या खांद्यावर पोत्यावानी पडली होती, तोंड मांगं. मले तूच दिसत होती. तो दर पावलाले मले इचारे, 'बाई, सुगंधा दिसते का? दिसते का?' मी म्हणो, दिसते. नथ्थूचा हात सुटला तवा मी काईच बोलली नाई, त तो उभाच राह्यला पाण्यात. पुढं पाऊल टाकेना. तू काठाले लागली, मी सांगतलं, तवा तो हालला."

मी विचारले, "इतकी वर्षं सांगितलं काऊन नाई, बाई?"

त्या दाराची चौकट धरून म्हणाल्या, "त्याचं सारं तुह्याजवळ होतं. संसार, लेकरं. तुह्याजवळ नाई अन् माह्याजवळ हाय, असं एवढंच होतं. मले ते देववे नाई."

आणि आत गेल्या. मुसळ पुन्हा सुरू झाले.

बापूजींनी विचारले, आता मजकुरात काही बदल करायचा का. मी सांगितले की कलमे आहेत तशीच राहू द्या. ताराबाईंनी माझी वस्तू इतकी वर्षे दाबून ठेवली, ती मी यजमानांच्या चितेपाशी उभी असतानाही दिली नाही, याबद्दल मी त्यांना क्षमा केलेली नाही, हे लिहा. आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही दिली नसती, हेही लिहा.

कलम पाचवे, आत्ता घातलेले. "दिसते का" हे माझ्या यजमानांचे विचारणे आजपासून माझ्या मालकीचे आहे. माझ्या पश्चात ते कमळेला मिळावे. ताराबाईंनी ते तिला स्वतःच्या तोंडाने, दर पावलासकट, सांगावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी ऐकला, समजला, आणि कोणाच्या दडपणाखाली नसताना, साक्षीदारांसमोर, त्यावर माझ्या हाताने सही केली आहे. सही वाकडी दिसते ती हाताला लिहिण्याची सवय नसल्यामुळे. मन डळमळत असल्यामुळे नव्हे.

सुगंधाबाई गुणवंतराव पचारे
(स्वतःची सही)

साक्षीदार:
१. इसरू मडावी, राहणार अहेरी (डाव्या अंगठ्याची निशाणी)
२. लच्छू कोंडावार, ड्रायव्हर, राहणार आलापल्ली (सही)

लिहिणार: बापूजी नागोसे, अर्जनवीस, अहेरी

मुक्काम अहेरी, तारीख १४ डिसेंबर १९५८