मोडक्या व्हायोलिनची करसवलत

प्रिय नेल्स,

शनिवारी गिऱ्हाईक येणार आणि तू ते कॉलेजात दुरुस्त केलेलं व्हायोलिन विकून टाकणार, असं तू परवा फोनवर म्हणालास. मी नुसतं "हो का, बरं" म्हणाले, कारण तुझे बाबा शेजारीच बसून टीव्हीवर मासेमारी बघत होते. आपलं घर लहान आणि त्यांचे कान मोठे, म्हणून हे पत्र. विकायचं की नाही हे तूच ठरव. व्हायोलिन तुझं आहे. पण त्याआधी गेल्या मंगळवारी सेंट पॉलच्या कर-कचेरीत काय घडलं ते ऐकून घे.

तुझ्या वाद्यदुरुस्तीच्या कॉलेजच्या वर्षाची शिक्षणाची करसवलत आपण घेतली होती ना, तिची तपासणी निघाली. मुलगा खरंच शिकत होता का, फी कोणी भरली, सामान काय घेतलं, सगळ्याचे पुरावे घेऊन या, असं बोलावणं आलं. मला आधी धडकी भरली, आणि मग खरं सांगू, गंमत वाटायला लागली. कोर्स संपवून तू आलास त्या नाताळात, ताट समोर असताना, "लाकडाला सरस फासायला कॉलेज कशाला लागतं?" असं विचारून ज्या माणसाने तुला तडकाफडकी परत पाठवलं, त्याच माणसाला आता सरकारपुढे शाबीत करायचं होतं की ते शिक्षणच होतं. व्हॅनवर अजूनही 'ट्वाइट अँड सन, फर्नेस दुरुस्ती' असं लिहिलेलं आहे. मी एकदा म्हणाले, मुलगा काही धंद्यात आला नाही, ते 'सन' तेवढं पुसून टाका, लोक विचारतात. तर म्हणतात, रंग महाग झालाय.

कागद मीच जमवले. कॉलेजचं फीचं पत्र, तुझी हजेरी, बँकेचे उतारे, कानशी नि चिमट्यांच्या पावत्या. फक्त एक पाकीट बाबांनी स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि म्हणाले, "हे माझं मी बघतो." माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. चर्चच्या जेवणात कोणी काय आणलंय ते प्रत्येक हॉटडिशच्या भांड्याचं झाकण उचलून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सेंट पॉलपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात मी त्या खिशाकडे बघत होते आणि ते बर्फाकडे. मी विचारलं, "त्यात आहे तरी काय?" तर म्हणाले, "कागद." मला हसू आलं आणि रागही आला.

अधिकारी म्हणजे एक तरुण मुलगी होती, मिस वांग. नम्र, पण डोळे असे की एक ओळ सुटायची नाही. फी बघितली, हजेरी बघितली, मान डोलावली. मग सामानाच्या यादीवर तिचं बोट थांबलं. "व्हायोलिन, मोडकं, एक. हे काय आहे?" मी चटकन म्हणाले, की ही काहीतरी चूक असणार, ते तर कोणा भल्या माणसाने कॉलेजात आणून ठेवलं होतं. तुला आठवतंय ना, प्रत्येकाने एक मोडकं वाद्य आणायचं, दुरुस्त होईल की नाही अशी शंका यावी असं, ही अट असलेला कागद मी फ्रीजवर लावला होता. "पैसे देऊन मोडकं आणायचं! आमच्या धंद्यात लोक मोडलेलं फुकट देतात," असं म्हणून बाबा आठवडाभर हसत होते. तुला कुठे मिळेना, आणि मग तुम्हाला शिकवणाऱ्या इर्माबाईंनी सांगितलं की कोणीतरी तुझ्यासाठी एक ठेवून गेलंय.

बाबांनी पाकीट टेबलावर ठेवलं. लिलावाची पावती होती. "मी घेतलं," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. विल्मर गावी एका वारलेल्या माणसाच्या घरचा लिलाव होता. मला सांगून गेले होते की कोणाचं तरी घर तापवणारं फर्नेस बिघडलंय. तिथून परस्पर कॉलेजला जाऊन इर्माबाईंच्या हातात दिलं आणि नाव सांगायचं नाही अशी त्यांना शपथ घातली. इतकी वर्षं झाकली मूठ सांभाळली, पण त्याच वर्षाचा कराचा कागद भरताना सरकारला एक छदाम जास्त जाऊ देईल तर तो लोवेल ट्वाइट कसला! पावती होती, म्हणून ओळ लिहिली. आपल्याच चिकटपणात सापडला बिचारा.

पण खरी मजा पुढेच आहे. मिस वांग हसून म्हणाली, "मिस्टर ट्वाइट, तुमची नुसती फीच सवलतीच्या मर्यादेपलीकडे गेलीय. हे व्हायोलिन धरलं काय नि सोडलं काय, एका सेंटचा फरक पडत नाही. ही ओळ खोडते, म्हणजे आपलं काम झालं." मी पर्स उचलली. बाबा मात्र हलले नाहीत. म्हणाले, "खोडू नका."

"पण त्याने तुम्हाला काहीच मिळणार नाही."

"मला ठाऊक आहे. तरी खोडू नका. तो शिक्षणाचा खर्च आहे."

आणि नेल्स, हा माणूस बोलायला लागला! वरची फळी पातळ सुरीने कशी सोडवायची, सरस किती गरम ठेवायचा, जास्त तापला की चिकटपणा कसा जातो, तू तडा आतून कसा सांधलास, सगळं सांगितलं. मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. तुझ्या परीक्षेच्या दिवशी म्हणे मागच्या दाराशी उभे राहून सगळं बघत होते, कोट न काढता. मिस वांगने विचारलं, "मग झालं कसं दुरुस्त?" बाबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "वाईट नाही." आपल्या घरात याच्या वरचा शब्द नाही, हे त्या मुलीला काय माहीत? तरी तिने ती ओळ तशीच ठेवली आणि समोर बरोबरची खूण केली.

परतताना पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा म्हणाले, "त्याला सांगू नकोस." मी काहीच बोलले नाही, म्हणजे वचन दिलं असं होत नाही. आज सकाळी नाश्त्याला मी त्यांना सांगितलं की तू व्हायोलिन विकतोयस. चमचा खाली ठेवून म्हणाले, "त्याचं आहे. त्याने हवं ते करावं." आणि एवढ्या गारठ्यात बाहेर जाऊन ते व्हॅन धूत बसले. मी खिडकीतून बघत होते, नेल्स. 'सन' या शब्दाशी त्यांचा हात फार वेळ होता. म्हणून लिहायला बसले. शनिवारी त्या गिऱ्हाइकाला कॉफी पाज, दोन गोड शब्द बोल आणि परत पाठव. मग व्हायोलिन गाडीत टाक आणि घरी ये. मी काही सांगितलंय हे दाखवू नकोस. नुसतं केस उघडून त्यांच्या समोर ठेव. काय म्हणतील ते तुला माहीतच आहे.

तुझीच, झाकणं उचलून बघणारी,
आई