वजनावर आवळ

३ नोव्हेंबर

चि. ठकू हीस,
अ. उ. आ.

तू दिवसभर बसगाड्यांच्या पोटाखाली असतेस, त्यात माझ्या गाडीचं रडगाणं, म्हणून चिडू नकोस. मणक्याच्या ऑपरेशननंतर आईंना व्यायामाला न्यावं लागतं, पण गाडी पुढून अशी आदळते की प्रत्येक खड्ड्यात त्यांचा चेहरा पांढराफटक पडतो. आता त्यांनी जायचंच बंद केलंय. घरीच करते म्हणतात. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, की आत्ता खंड पडला तर डावा पाय कायमचा अडखळेल.

गॅरेजवाला म्हणतो, पुढची चाकं धरणाऱ्या दोन्ही लोअर आर्मचे बुश, म्हणजे आतली रबरं, चिरली आहेत. गाडी ठेवून जा, बघू कधी होतं ते. दुसऱ्या कुठल्या गाडीत आईंना चढता येत नाही. मी शिलाई मशीन उघडून पुन्हा जोडते, तर हे नाही जमणार? फोनवर सांगितलेलं अर्धं विसरेन, म्हणून लिहूनच कळव. मदतीला तुझा दादा आहे, म्हणजे तो बॅटरी धरेल आणि उजेड स्वतःच्या पायांवर पाडेल.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

९ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

जमेल. जुनी रबरं उपसत बसू नकोस, बुश बसवलेले अख्खे आर्मच पाठवते आहे. गाडी सपाट फरशीवर घे, मागच्या चाकांना दगड लाव. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. लोखंडी स्टँडही पाठवलेत, ते दोन्ही बाजूंना हवेतच. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशी तेल सोड. तरी हलले नाहीत तर शिव्या दे, मीही देते. नवे बोल्ट आधी हातानेच फिरव आणि शेवटी वजनावर आवळ.

मुलगी मी, आणि आईचं सगळं तू करतेस. म्हणून माझे चांगले पाने पुसूनबिसून पाठवते आहे.

माया राहू दे.

तुझी,
ठकू

१७ नोव्हेंबर

चि. ठकू हीस,
अ. उ. आ.

झालं! नखांतलं काळं अजून निघत नाही, पण झालं. एक बोल्ट काही केल्या हलेना, तेव्हा तू सांगितलेला उपाय केला. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. शेवटी तू लिहिलंस तसं वजनावर आवळलं. माझं वजन पुरेना, म्हणून तुझ्या दादाला पान्यावर उभं केलं. त्याचं पोट पहिल्यांदाच घराच्या उपयोगी पडलं.

आईंना कसंबसं तयार करून नेलं. गाडी जरा कडक वाटली, कुरकुरलीही, पण नवं सामान आहे, रुळेल. आईंना विचारलं तर म्हणाल्या, फारच छान झाली हो गाडी. मला भरूनच आलं. तुझे उपकार कसे मानू?

अशीच माझी राहा.

तुझी,
वहिनी

२२ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आधी पोट धरून हसले, मग डोक्याला हात लावला. अगं, वजनावर म्हणजे गाडीच्या वजनावर, दादाच्या नव्हे! वर्कशॉपची बोली तुला तशीच पाठवली, चूक माझी. चाक अधांतरी असताना बोल्ट आवळला की रबर त्या लटकत्या स्थितीतच जखडतं, आणि गाडी खाली उतरली की पिळलेलंच राहतं. म्हणून ती कडक. बोल्ट सैल कर, स्टँड राहू देत, आर्मखाली जॅक लावून तो वर घे. गाडी स्टँडवरून सुटतेय असं वाटलं की थांब, आणि मग आवळ.

आणि आईच्या ‘फारच छान’वर जाऊ नकोस. लहानपणी मी तिची वेणी घालताना केस उपटायचे, तेव्हाही ती हेच म्हणायची. तिला दुखलं असणार गं.

रागावली नसशील तर दोन ओळी टाक.

तुझी,
ठकू

२९ नोव्हेंबर

चि. ठकू हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आईंना सरळच विचारलं. आधी उडवून लावलं. मग म्हणाल्या, तू काळीकुट्ट होऊन गाडीखालून बाहेर आलीस, तुझ्या तोंडावर कसं सांगू की दुखतंय? मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि उठून पाना शोधायला गेले.

या वेळी तू सांगितलंस तसंच केलं. हात खाली सोडून बाही बेतली तर हात उचलताना काखेत ओढते, तसंच आहे की हे! इतकी वर्षं शिवतेय, मला कळायला हवं होतं. काल आईंना नेलं. एरवी ओठ आवळून बसणाऱ्या त्या जाता-येता अखंड बोलत होत्या. बाईंनी आता पुढचे व्यायाम सुरू केलेत. खाली आईंनाच लिहायचंय म्हणे.

सदैव तुझ्या लोभातली,
वहिनी

चि. ठकीस आशीर्वाद. ही अजून प्रत्येक खड्ड्यावर माझी माफी मागते. तिला सांग, आता नको मागूस. काल परतल्यावर दारातल्या पायऱ्या मी काठीशिवाय चढले. माझ्यामागे ही दोन्ही हात पसरून उभी होती. मला कळलं होतं, पण मी वळून पाहिलं नाही. वळले असते तर तिने हात मागे घेतले असते.

तुझी,
आई