तोकुओचं विमान

३ एप्रिल १९९४

आईचा हट्ट! मे महिन्यात युद्धात गेलेल्या माझ्या भावाचं, तोकुओचं पन्नासावं श्राद्ध. भटजी येतील, मंत्र म्हणतील आणि त्यानंतर त्याच्या नावाने वेगळं काही करायचं नाही. त्याच्या नावाची पाटी देव्हाऱ्यातून निघणार, तो नुसता पूर्वजांपैकी एक होणार. आईला हे पटतच नाही. आज भाताची वाटी बाजूला सारून म्हणाली, "किनुए, त्याचं विमान आणून ठेव त्याच्यापुढे. झीरो."

मी सव्वीस वर्षं इथे शिझुओकात विमानांच्या प्लॅस्टिक मॉडेलच्या कारखान्यात पॅकिंग केलं. झीरो या लढाऊ विमानाचे किती खोके भरले याचा हिशोब नाही. पारदर्शक भाग वेगळ्या पिशवीत, विमानावर चिकटवायच्या नंबरांचा कागद वरती, झाकण बंद. एकही खोका घरी आणला नाही. भाऊ ज्यात मेला ते घरी कशाला आणायचं?

५ एप्रिल

नोझुएच्या मॉडेलच्या दुकानात गेले. कारखान्यात असल्यापासूनची ओळख. झीरो द्या म्हटलं, तर माणूस सुरूच झाला! सुरुवातीचा का नंतरचा? राखाडी का हिरवा? कुठल्या तुकडीचा, शेपटीवर नंबर काय? म्हटलं, अहो, मासळी घेतानासुद्धा इतकं विचारत नाहीत. तो हसला नाही. म्हणाला, "बाई, दुसऱ्याच कुणाचं विमान ठेवाल त्याच्यापुढे. चालेल?"

नाही चालणार. फोटो आहे का, विचारलं त्याने. एकच आहे.

६ एप्रिल

आई दुपारी झोपल्यावर देव्हाऱ्यातून फोटो काढला. चोरी केल्यासारखं वाटलं.

७ एप्रिल

फोटोत तोकुओ एकोणीस वर्षांचा. टोपी जरा तिरकी, हात विमानाच्या चाकावर. मागे पंखाचा तुकडा, बाकी काही नाही. पन्नास वर्षं आम्ही त्याचा चेहराच बघतोय. नोझुएने भिंग घेतलं आणि चाकच बघत बसला. मग चहा मागवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

झीरोची चाकं उडताना पोटात मिटतात, म्हणाला. फोटोतल्या चाकाचा दांडा सरळ पक्का बसवलेला, मिटणाराच नाही. हे लढाऊ विमान नाही.

मी त्याच्यावर चिडले.

८ एप्रिल

आई आयुष्यभर एकच वाक्य बोलत आली – माझा मुलगा झीरो चालवायचा. बाजारात, सार्वजनिक न्हाणीघरात, माझ्या लग्नातसुद्धा. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईचं हे वाक्य आता मी काढून घ्यायचं?

मितो शहरातल्या कुरामोचींना पत्र टाकलं. ते तोकुओच्या तुकडीतले. दर नववर्षाला न चुकता कार्ड पाठवतात, कधी घरी मात्र आले नाहीत.

१७ एप्रिल

उत्तर आलं. अक्षर थरथरतं, पण मजकूर स्वच्छ.

शिरागिकु. पांढरी शेवंती! शिकाऊ मुलांना सराव द्यायचं विमान. सावकाश चालणारं, मूळचं नारिंगी. वरून घाईने हिरवा रंग फासला, दोन बाँब बांधले आणि शत्रूच्या जहाजावर जाऊन आदळायला अंधारात सोडलं, कारण उजेडात कुणीही पाडलं असतं. "तुमच्या आईंनी मला पहिल्याच पत्रात झीरो लिहिलं होतं. ते मी कसं खोडू? म्हणून कधी समोर आलो नाही." शेवटी त्यांनी शेपटीवरचा नंबर लिहिला आहे. त्यांना तो अजून पाठ आहे.

रडले. त्याला निदान चांगलं विमान तरी द्यायचं होतं हो.

१९ एप्रिल

नोझुएने काउंटरवर दोन खोके ठेवले. एक झीरो, चकचकीत चित्राचा. दुसरा शिरागिकुचा, कुठल्याशा छोट्या कारखान्यातला, साधा, फिक्या झाकणाचा. मी झीरो उचलला. आईला काय कळणार आहे? दोन महिने नाही तर दोन वर्षं, तिचं राहिलंय किती!

बसस्टॉपपर्यंत गेले. बस आली, गेली. हातातला खोका हलवून बघितला – सवय! सगळं बरोबर भरलेलं होतं. फक्त आतला माणूस माझा नव्हता. आज तोकुओच्या पुढे खोटं विमान ठेवलं आणि महिन्याभराने त्याची पाटीही निघाली, तर तो राहिला कुठे?

परत गेले. बदलून घेतला.

२ मे

चष्मा दोनदा पुसून एकेक तुकडा चिकटवते आहे. नोझुए रोज फोन करून विचारतो. वैमानिकावरचं काचेचं झाकण उघडं बसवता येतं किंवा बंद. एकदा चिकटलं की संपलं, नीट विचार करा, म्हणाला. यात विचार कसला? उडणाऱ्या विमानाचं झाकण बंदच असणार. ते तेवढं शेवटी चिकटवायचं ठेवलंय.

८ मे

आज आईच्या हातात विमान दिलं आणि सगळं सांगून टाकलं. चाकाचं, कुरामोचींचं, सगळं. हे झीरो नाही, आई.

ती बोटाने चाक चाचपत राहिली. मग विमान मला परत दिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही. मीच तिचा मुलगा दुसऱ्यांदा मारला की काय! झीरो आणते म्हटलं, उद्याच आणते. तिने मान हलवली – नको.

९ मे

आजही जेवली नाही. फक्त चहा.

१० मे

सकाळी आई स्वतःहून बोलली. युद्धाच्या शेवटच्या वर्षी, मार्चमध्ये तोकुओ शेवटच्या रजेवर आला तेव्हा मी कारखान्याच्या वसतिगृहात होते, पॅराशूट शिवत. तो हसत निरोप घेऊन गेला, एवढंच मला माहीत. तो त्याच संध्याकाळी स्टेशनवरून परत आला होता. दाराबाहेरून म्हणाला, आई, ते सरावाचं विमान आहे, चाकंसुद्धा मिटत नाहीत त्याची, मला जायचं नाही.

"शेजारी ऐकतील, जा, म्हटलं मी. आतूनच. दार उघडलं नाही."

वैमानिकावरचं काचेचं झाकण मी उघडं चिकटवलं.