ती गेल्यानंतरचा शनिवार

रविवार, २ नोव्हेंबर

माझं सगळं बदललं ते आज संध्याकाळी साडेपाचला. चर्चच्या छोट्या स्वयंपाकघरात, साबुदाण्याच्या खिचडीचा बंद डबा समोर ठेवून बसलो होतो तेव्हा. लिहून ठेवतो, उद्या मलाच खरं वाटणार नाही.

झालं असं. बेकरीतली लेओनी म्हणाली होती, महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचा उपास असतो, कपिल, तूही करून बघ. मी आईला सांगितलं, उद्या उपास आहे. तिची एकादशी होतीच. एवढी खूश झाली — पोरगं मार्गाला लागलं! डबा भरून खिचडी दिली, वर दाण्याचं कूट, वेगळ्या डबीत दही. मी ते सगळं घेऊन मॉर्मन पंथाच्या ख्रिश्चन लोकांच्या चर्चमध्ये गेलो आणि सभा संपल्यावर पाचपन्नास जणांसमोर डबा उघडला. म्हटलं, घ्या ना, उपासाचीच आहे.

यांचा उपास म्हणजे दोन वेळ काहीच खायचं नाही. पाणीसुद्धा नाही.

कुणीतरी फिसकन हसलं. लेओनीच. माझं डोकं फिरलं. डबा उचलला आणि निघालो. दाराशी ब्रुडर फोगेल उभे होते. (इथे सगळे एकमेकांना ब्रुडर आणि श्वेस्टर म्हणतात — भाऊ, बहीण.) बाहत्तर वर्षांचे, फ्रँकफुर्टात ट्राम चालवून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, झाकण नीट दाबून बसवलं. म्हणाले, "सहा वाजता सोडू उपास. तोवर माझ्याबरोबर चल. मग यातलं मलाही दे."

दुपारभर त्यांच्याबरोबर फिरलो. दोन आजारी म्हाताऱ्यांना भेटलो. दोनपर्यंत लेओनीचा राग होता. मग भूक. मग भूकही कंटाळून गप्प बसली. साडेपाचला परत येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, आत्ता आपल्याला कुणाचाच राग आलेला नाही. बाबांचासुद्धा नाही. असं याआधी कधी झालं होतं ते आठवेना.

फोगेलनी खिचडी दोनदा घेतली. विचारत होते, हे मोती कुठल्या झाडाला लागतात.

सोमवार, ३ नोव्हेंबर

उगाच साधुसंत व्हायला नको. मी तिथे गेलो लेओनीसाठी. वहीला तरी खरं सांगावं.

मे महिन्यात मशिनेनबाऊ, म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअरिंग, तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं. प्रोफेसरशी भांडलो, वही टेबलावर आपटली आणि परत गेलो नाही, एवढीच कथा. आता विमानतळाजवळच्या लागरमध्ये, म्हणजे गोदामात, खोकी उचलतो. सकाळी सहाची पाळी. बाड हॉम्बुर्गच्या स्टेशनवर पावणेपाचला एकच बेकरी उघडी असते. तिथे ती. शेकडो लोकांना कॉफी देते, स्वतः पीत नाही. मी जूनमध्ये विचारलं, कॉफीला येतेस का कधी? म्हणाली, "कॉफी मी पीत नाही. रविवारी चर्चला ये."

गेलो. भाषण कुणाचं होतं देव जाणे, मी तिची मान बघत होतो.

आणि ती चाललीय. १८ डिसेंबरला. फिलिपीन्स, मिशन म्हणजे धर्मप्रचार, अठरा महिने. त्या काळात प्रेमबिम बंद — नियम. मी म्हटलं, मग माझं काय? तर म्हणे, "तुझं काय ते तू देवाला विचार."

रविवार, ९ नोव्हेंबर

विचारलं. पलंगाशी गुडघे टेकून, मराठीत. उत्तरबित्तर नाही. पण उठताना हलकं वाटलं.

बाप्तिस्म्याची तारीख घेतली — शनिवार, १३ डिसेंबर. ती जायच्या आधी! ती समोर असणार. पांढरे कपडे घालून अख्ख्या माणसाला पाण्यात बुडवतात. पायाचा अंगठा वर राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज्ञा एकेक करून पाळायला घेतल्यात. सिगारेट बंद. बिअर बंद. चहा बंद. पहिल्या दोन्हींना आईची हरकत नाही. तिसरी तिला झेपली नाही.

"चहा नाही म्हणजे? देवाला चहाने काय होतं?"

"आज्ञा आहे, आई."

"माझी एक तरी पाळलीस का आजवर?"

इरा तिच्या खोलीतून ओरडली, "एर श्पिन्ट!" म्हणजे दादाचं डोकं फिरलंय. ही पोरगी मराठीत सगळं समजते आणि अपमान फक्त जर्मनमध्ये करते.

पण झोप लागते. गेले दोन आठवडे. काल शिफ्टलायटर, आमच्या पाळीचा मुकादम, सगळ्यांसमोर माझ्यावर खेकसला. मी म्हटलं, या, गेनाऊ — हो, बरोबर — परत लावतो खोकी. तो चक्रावला. मीपण.

शनिवार, २२ नोव्हेंबर

चर्च झाडायची पाळी असते, पगारी माणूस ठेवत नाहीत. आज मी आणि फोगेल. खुर्च्यांखालून व्हॅक्यूम फिरवता फिरवता विचारलं, एवढे नियम जाचत नाहीत तुम्हाला? म्हणाले, "चौतीस वर्षं ट्राम चालवली. रूळ जाचतात का, असं कुणीच विचारलं नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "बायको गेली तेव्हा आठ महिने मला प्रार्थनेत काहीच जाणवलं नाही. तरी रोज गुडघे टेकले. सुख गेलं होतं, पण परत आलं तर मी जुन्याच पत्त्यावर सापडायला हवा होतो."

हा माणूस एकटा राहतो आणि झाडताना शीळ घालतो. मी आईबापाच्या घरात गरम जेवतो आणि धुमसतो. त्याच्याकडे जे आहे ते मला हवंय. लेओनी सोडून, लेओनीशिवायसुद्धा हवंय — हे आज पहिल्यांदा वाटलं. घाबरलो.

शुक्रवार, ५ डिसेंबर

बाबांशी भांडण. मोठं.

मी आमंत्रण द्यायला गेलो होतो! म्हटलं, तेरा तारखेला या. बाबांनी लॅपटॉप मिटला.

"कॉलेज सोडलंस. आता घरचा देव सोड. पुढच्या वर्षी काय, आडनाव?"

"तुमच्या देवाने मला कधी काही विचारलं तरी का?"

"तुझ्या या देवाने तरी कुठे विचारलंय? बेकरीतल्या पोरीने विचारलं. ती विमानात बसली की तुझा देवही बसला विमानात."

मग मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आई दारात उभी होती. मी बाहेर पडलो. ख्रिसमसच्या बाजारात लागरमधली मंडळी भेटली, ग्ल्यूवाइन, म्हणजे मसाल्याची गरम वाइन, हातात दिली. एक प्यालो. मग दुसरी. गरम, दालचिनीची, आणि दुसरा पेला संपेपर्यंत सगळी चूक बाबांचीच झाली होती.

शनिवार, ६ डिसेंबर

कुणी पाहिलं नाही. सात दिवस राहिलेत.

बुधवार, १० डिसेंबर

बाप्तिस्म्याआधी मुलाखत असते. घेणारा एल्डर व्हिटेकर. एल्डर म्हणजे वडीलधारा. हा वडीलधारा अमेरिकेतून आलेला, वीस वर्षांचा, माझ्याहून वर्षाने लहान. छातीवर नावाची काळी पट्टी, जर्मन माझ्याहून वाईट.

प्रश्न सरळ. श्रद्धा आहे का? आहे. आज्ञा पाळशील का? हो. चहा, कॉफी, दारू, तंबाखू — सगळं थांबलंय ना?

हो म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. शनिवारी लेओनी पहिल्या रांगेत बसणार होती.

"नाही," म्हटलं. "शुक्रवारी प्यालो. दोन पेले. बापाशी भांडून."

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, खरं सांगितलंस ते बरं केलंस, पण आठवडाभर थांबू, वीस तारीख. मी म्हटलं, ती अठराला जातेय! माझा आवाज चढला. तो म्हणाला, "माहीत आहे."

मग मी तेही सांगून टाकलं — की मुळात आलोच तिच्यासाठी. त्याला धक्काबिक्का बसला नाही. "माझे आजोबापण एका मुलीसाठीच आले होते. तू का आलास ते राहू दे. ती गेल्यावर येशील का?"

मी त्याच्या छातीवरची पट्टी वाचत बसलो. तो म्हणाला, उत्तर वीस तारखेच्या शनिवारी दे.

गुरुवार, ११ डिसेंबर

लेओनीला काउंटरवरच सांगितलं. मागे रांग होती.

"कुणी पाहिलं नव्हतं ना?"

"नाही."

"मग कशाला बोललास! मला बघायचं होतं तुला." डोळे भरलेले. मग रांगेतल्या बाईला विचारलं, "दूध घालू का?"

लागरपर्यंत हसत गेलो. तिला मला बघायचं होतं!

शनिवार, १३ डिसेंबर

आज पाण्यात जायचं होतं. फोगेलचा फोन आला — "पाण्यात नाही, तर वडिलांकडे जा."

बाबा डिशवॉशर भरत होते. म्हटलं, बाबा, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. माफ करा.

"हं."

"पण बाप्तिस्मा घेणार आहे. पुढच्या शनिवारी. आजचा पुढे गेला." का, तेही सांगितलं.

बाबा ताट हातात धरून वळले. "म्हणजे प्यालास, आणि आपणहून सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं होतं."

"मी पण विचारायचो, परीक्षा कशी गेली म्हणून."

मी चमचे लावायला लागलो. मशीन भरून झालं. बाबा म्हणाले, चहा टाकतो... मग थांबले. दूध तापवलं माझ्यासाठी, त्यात हळद घातली. समोर बसले. मग विचारलं, "पाणी गरम असतं का रे? डिसेंबर आहे."

असतं, म्हटलं.

"किती वाजता?"

अकरा.

या घरात इतका शांत बसलेलो मला आठवत नाही. कुणी काही जिंकलं नाही. दूध प्यालो.

मंगळवार, १६ डिसेंबर

उद्या संध्याकाळी सात वाजता चर्चमध्ये लेओनीच्या डोक्यावर हात ठेवून तिला मिशनरी म्हणून नेमतील. त्यानंतर ती माझ्याशी एकटी बोलणार नाही. आज स्टेशनवर शेवटचं भेटलो. माझा हातमोजा ओढून घेतला, हातात घातला, काढला, परत दिला. निघताना म्हणाली, "शनिवारी तू खरंच जाशील ना?"

जाईन म्हटलं. म्हणताना कळलं, व्हिटेकरला द्यायचं उत्तर हेच.

बुधवार, १७ डिसेंबर, संध्याकाळी सव्वासहा

लेओनी खाली रस्त्यावर उभी आहे. बॅग घेऊन. मेसेज आला — सात वाजता जात नाही, तिकीट गेलं तर जाऊ दे, तू फक्त राहा म्हण, मी राहते.

जूनपासून मला एवढंच ऐकायचं होतं.

खिडकीतून पाहिलं. थंडीत पाय आपटतेय. राहा म्हटलं तर ती राहील, आणि आयुष्यभर तिला आठवेल की कपिलने राहा म्हटलं. सव्वीस मिनिटं लागतात चर्चला, चालत. बॅग मी घेईन.

बूट घातलेत. आई विचारतेय, कुठे? सांगितलं, एकीला वेळेवर पोचवायचंय. दार ओढून घेतो.