शेळीच्या दुधाइतका पातळ

आबा,

तुमच्या रंगाच्या गनचा दाब पन्नास असायचा, माझा पंधरा आहे. हसू नका. तुम्ही उसाच्या ट्रॉल्या अंगणात उभ्या करून रंगवायचात; माझी ट्रॉली म्हणजे वीतभर मॉडेल, तिच्या साखळीची कडी तांदळाच्या दाण्याएवढी. पन्नासनं मारलं तर रंग कडीवर बसतच नाही. शहाद्याच्या मे महिन्यात तर तो वाटेतच वाळतो, वर बोट फिरवलं की खरखर. हे मला कोणी शिकवलं नाही. चार मॉडेलं वाया घालवून शिकले.

तुम्ही एकच सांगायचात, तेही मला नाही, हाताखालच्या माणसांना: "रंग दूधना मायक पातय पाह्यजे." दुधासारखा पातळ, हे मी दाराआडून ऐकायचे. पुढे बारीक एअरब्रश घेतला तेव्हा तेच धरून बसले. दूध म्हणजे आपल्या म्हशीचं, घट्ट सायीचं. रंग सुईत अडकायचा, थुंकी उडावी तसे ठिपके पडायचे. महिनाभर स्वतःलाच बोल लावला. मग शेजारणीनं एकदा शेळीचं दूध दिलं. पातेल्याच्या कडेवरून ते सर्रकन खाली उतरलं, मागे जेमतेम पुसट थर राहिला, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमच्या गनचं भोक मोठं, तिला म्हशीचं चालायचं. माझ्या सुईला शेळीचं लागतं. दोष हाताचा नव्हताच, आबा.

पण तुम्ही तर हातालाच नावं ठेवली होती. तो दिवस आठवा: मी दहावीत आहे, गन नुसती उचलून बघतेय, आणि तुम्ही ती काढून घेता. "पोरीस्ना हात जड ऱ्हास." चुलीपाशी आई भाकरी थापतेय. ती मान वर न करता म्हणते, "पोरनी भाकर कशी पातय व्हस मंग?" तुम्ही गन घेऊन अंगणात निघून जाता.

काल ब्राह्मणपुरीचे एक काका आले. त्यांच्या पहिल्या ट्रॉलीचं मॉडेल मी केलंय. ती खरी ट्रॉली तुम्हीच रंगवलेली, आकाशी. पॉइंट तीनची सुई, चार बोटं अंतर, रंगाचे पातळ पातळ चार हात, प्रत्येक हात वाळू देऊन. काकांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "बापना हात शे तुन्हा." मला राग आला. म्हटलं, "नाही काका, मन्हा हात मन्हाच शे." ते हसले. जुना फोटो पुढे करून ट्रॉलीच्या मागच्या फळीवर खाली लोंबलेला रंग दाखवला. "हाऊ ओघय नही काढा, बरं करं. तव्हय बापना हात थरथरे तुन्हा."

मी मान हलवली आणि ओघळ नसलेलं ते मॉडेल खोक्यात भरून दिलं. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणूनच लिहायची हिंमत करतेय.

तुमचा हात थरथरत नव्हता. काकांची ती ट्रॉली अंगणात उभी होती, त्या दुपारी तुम्ही सगळे जेवायला बसलात तेव्हा गन मी उचलली होती. एकच पट्टा मारला, फार जवळून. तुम्ही परत येऊन तो ओघळ पाहिला, मग आपलेच पंजे उलटेपालटे करून पाहत राहिलात. "मन्हा हात गया आते," म्हणालात, आणि गन खुंटीला टांगलीत ती कायमची; पुढे ती मीच उतरवली. मी तिथंच उभी होते. खरं सांगितलं असतं, तर ती तुमच्याच हातात राहिली असती आणि मला कधीच मिळाली नसती. म्हणून बोलले नाही.