सरकारी रानातली हाक

वॉसॉ, विस्कॉन्सिन
सोमवार, २१ नोव्हेंबर २०२२

बाळ नेंग,

तुला, तुझ्या बायकोला आणि ज्याला मी अजून फक्त फोटोत पाहिलंय त्या माझ्या नातवाला आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. माझा उजवा गुडघा बरा नाही, पण तो कधीच घरातल्या माणसांसारखा वागला नाही, म्हणून त्याला मोजत नाही. थंडी वेळेवर आली. बाजारातला माझा भाजीचा गाळा ऑक्टोबरातच आवरला. मोहरीची पानं आंबवून दोन बरण्या भरल्या, त्यातली एक तूफेंगने आत्ताच निम्मी केली. तुझा धाकटा भाऊ चाळिशीला आला, तरी बरणीत हात घालायची सवय जात नाही.

अक्षर ओळखलंस ना? तूफेंगच्या बायकोचं, ब्लियाचं आहे. अक्षर तिचं, तोंड माझं. मी सांगेन तसंच लिहायचं, स्वतःचं शहाणपण घालायचं नाही, असं बजावून बसवलंय तिला. (भावजी, मी काहीही घालत नाहीये. — ब्लिया) बघ, घातलंच.

आईने फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर तू 'हं' म्हणतोस. सहा वर्षांत तुझे इतके 'हं' साठलेत की त्यांची गोधडी शिवता येईल. लढाईनंतर निर्वासितांच्या छावणीत असताना आम्ही कॅसेटवर बोलून ती इकडच्या माणसांना पाठवायचो, तेव्हा मध्येच कुणाला तोडता यायचं नाही. कागदाचंही तसंच असावं. फार तर चुलीत घालशील, पण तुझ्या फ्रेस्नोच्या घरात चूल कुठे आहे?

तर बातमी अशी, की परवा शनिवारी हरणांचा हंगाम उघडला आणि मीही गेले होते.

हस. मीही हसले असते. बहात्तर वर्षांची म्हातारी, डोक्यावर नारिंगी टोपी, अंगावर नारिंगी पिशवीसारखं काहीतरी, पायांत तूफेंगचे जुने बूट आणि ते पायात राहावेत म्हणून तीन जोड मोजे. ब्लिया म्हणाली, "आई, तुम्ही भोपळ्यासारख्या दिसताय." मी म्हटलं, भोपळ्यावर कुणी गोळी झाडत नाही, तेवढं पुरे.

पाच वर्षं तूफेंग आणि ब्लिया तूफेंगच्या कारखान्यातल्या एका माणसाच्या शेतावर शिकारीला जात होते. त्याने यंदा शेत विकलं. मग उरलं काय? सरकारी रान. उत्तरेकडचं. कोणतं ते तुला माहीत आहे.

तूफेंग म्हणाला, तिथे नको. यंदा हरीण नसलं तरी चालेल, डुक्कर विकत आणू. ब्लियाने फोनवरचा नकाशा उघडला आणि म्हणाली, रानाने काय केलंय कुणाचं? दोघं दोन दिवस बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं की तिथेच जायचं आणि मी गाडीत बसून तुमच्यासाठी भात गरम ठेवणार. म्हातारीला वेड लागलं, असं दोघांनी डोळ्यांनीच ठरवलं. वेड्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही.

त्यांना न सांगता पिशवीत मी काय काय भरलं ते आता सांगते. एक अंडं. वाटीभर तांदूळ. उदबत्त्या. आणि तळघरातल्या खिळ्याला सहा वर्षं लटकलेली तुझी नारिंगी बंडी.

आता कळलं असेल. तू माझा मुलगा आहेस, मठ्ठ कधीच नव्हतास.

तुझी बायको ब्लियाला सांगते, मला नाही. बायकांचं असं असतं, बाबा. तू झोपत नाहीस, म्हणते. जेवताना घास हातात धरून बसतोस. पोरगा हाक मारतो तर तिसऱ्या हाकेला मान वळवतोस. हे ऐकून डॉक्टर काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण आपल्याकडे पाच वर्षांचं पोरही सांगेल: या माणसाचा जीव जिथे घाबरला तिथेच बसून राहिलाय आणि नुसतं अंग संसार करतंय. आपल्या तीन नव्या वर्षांना मी इथल्या दारात उभी राहून तुझा जीव बोलावला. तिन्ही वेळा अंडं उकडून सोललं तर आत खड्डा, म्हणजे तू आला नव्हतास. शेवटी आपल्या कुळातल्या म्हाताऱ्याने मला झापलं. म्हणाला, जीव रानात बसलाय आणि तू दारात ओरडतेस, त्याला ऐकू कसं जाणार? जिथे हरवला तिथे जा.

म्हणून गेले.

तिथे पोचलो तेव्हा उजाडायचं होतं आणि गाड्या उभ्या करायला जागा नव्हती. पहिला दिवस ना. जत्राच. जो तो नारिंगी, जो तो कुजबुजतोय, जणू हरणांना ठाऊकच नाही. तूफेंग आणि ब्लिया कुणालाच न ओळखणाऱ्या त्या रानात बंदुका घेऊन शिरले. मी गाडीत बसले. चांगलं ऊन वर येईपर्यंत वाट पाहिली, मग उतरले. तुझा बाप ज्या दुभंगलेल्या ओकाखाली बसला होता, ते झाड तूफेंगने मला एकदा कागदावर काढून दाखवलं होतं: वाटेने दोनशे पावलं, मग ओढ्याच्या कडेने डावीकडे. बस. मी लढाईतून पळताना दोन पोरं पाठीपोटाशी बांधून मेकाँग नदी ओलांडलेली बाई. दोनशे पावलांचं मला काय?

दोनशे मोजली. ओढा होता. ओक नव्हता. आणखी दोनशे मोजली. आता ओढा उजवीकडे होता. मी तर वळले नव्हते. मग म्हटलं जाऊ दे, परत गाडीकडे जाऊ, बर्फात आपले ठसे आहेतच. खाली बघते तर शंभर बुटांचे ठसे. तूफेंगच्या बुटांसारखे बूट सगळ्या विस्कॉन्सिनने घातलेले. माझाच माग तीन दिशांना निघाला होता. सूर्य ढगात गेला. जिकडे बघावं तिकडे तीच झाडं, एका आईची लेकरं असावीत तशी.

तासभर मी फिरले, नेंग. पायातला बूट एकदा चिखलात राहिला, तो परत जाऊन काढला. शेवटी एका पडलेल्या खोडावर बसले, हातात अंडं. तेवढ्यात झाडीतून एक हरिणी आली. दहा पावलांवर उभी राहून तिने माझ्याकडे पाहिलं. विमानतळावरचा साहेब कागद तपासताना बघतो तसं. कागद पटले असावेत, कारण ती सावकाश निघून गेली.

ब्लियाचा हात थांबलाय. पुढचं तिला माहीत आहे. लिही गं, थांबू नकोस.

बापाच्या मातीच्या दिवशी सगळं कूळ जमलं होतं आणि तू त्याच्या पायाशी बसला होतास. मी तेव्हा काय बोलले ते तू कधी उच्चारलं नाहीस, मीही नाही. आज उच्चारते. मी म्हटलं, "जनावराला रानात वाट सापडते, माझ्या पोराला सापडली नाही." सगळ्यांसमोर. बाप छाती धरून खाली बसला, तू मदत आणायला धावलास, आणि तीन तास त्या रानात फिरत राहिलास. माणसं घेऊन आलास तेव्हा तो थंड होता. आणि आईने तुला हे ऐकवलं. तेराव्या दिवशी तू गाडीत सामान भरलंस. मी खिडकीतून बघत होते. बाहेर आले नाही.

त्या खोडावर बसून मी स्वतःला विचारलं: मी दिवसाउजेडी आले. पोट भरलेलं. माझ्यामागे कुणी मरत नव्हतं. तरी मला गाडी सापडत नाही. मग या पोराने काय करायला हवं होतं?

 

ओक सापडला नाही तर नाही. मी तिथेच तांदूळ ठेवले, त्यावर अंडं, बर्फात उदबत्ती खोचली, तुझी बंडी दोन्ही हातांत धरली आणि बोलावलं. दारात बोलावते तसं हळू नाही, बाजारात भाजी ओरडते तसं.

"नेंग, ये. इथे थंडी आहे, इथे बसू नकोस. तुझा बाप त्याच्या वाटेने गेला, त्याच्याबरोबर थांबायचं नाही. भात गरम आहे. तुझं पोरगं तुला हाक मारतंय. आई चुकली. आईला वाट माहीत नव्हती आणि ती तुला वाटेवरून बोलली. ये."

पहिल्या दिवशी सकाळी सरकारी रानात असं ओरडणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. मैलभरातली हरणं उठली असणार. झाडीत काटक्या मोडल्या आणि एक गोरा म्हातारा बाहेर आला, पांढरी दाढी, खांद्याला बंदूक, माझ्याच वयाचा. वाटलं, आता हा माझ्यावर ओरडणार. तो ओरडला असता तरी मला किती कळलं असतं? त्यांच्या भाषेतले माझे निम्मे शब्द भाज्यांचे आहेत.

पण त्याने बंदुकीतल्या गोळ्या काढल्या, ती झाडाला टेकवली आणि विचारलं, कोण हरवलंय? एवढं कळलं. मी म्हटलं, मुलगा.

त्याचा चेहरा उतरला. हाताने उंची दाखवत विचारलं, केवढा? गुडघ्याएवढा, कमरेएवढा? मी माझ्या डोक्याच्या बरीच वर दाखवली. किती वर्षांचा? बोटांनी एक्केचाळीस दाखवायला वेळ लागला. त्याला ते पटलं नसावं, पण तो थांबला नाही. नाव विचारलं. मी सांगितलं. मग त्या माणसाने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि रेड्यासारख्या आवाजात "नेंग! नेंग!" अशी हाक मारली. उत्तरेकडे, मग ओढ्याकडे, मग दक्षिणेकडे. दर हाकेनंतर थांबून कान द्यायचा. मी त्याला समजावणार होते. नाही समजावलं. म्हटलं, एवढा मोठा आवाज आपल्या कुळात कुणाचाच नाही, मारू दे. मग आम्ही दोघं मिळून तुला बोलावत राहिलो.

मध्येच जवळ कुठेतरी गोळी वाजली. एकच.

थोड्या वेळाने ब्लिया पळत आली. रानात कुणी परका माणूस दिराच्या नावाने हाका मारतोय हे ऐकून ती बिचारी पांढरी पडली होती. मला बघून आधी रडली, मग रागावली, मग पायाशी तांदळावरचं अंडं बघितलं आणि माझ्याशेजारी खोडावर बसली. (मी रडले नव्हते. — ब्लिया)

तिने त्याला त्याच्या भाषेत सगळं सांगितलं. तुझ्या बापाचं, तुझं, माझंही. मला वाटलं हसेल. त्याने टोपी काढली. त्याचं नाव लायल. म्हणाला, मी तीस वर्षं या रानात येतो, इथला ओढा दोनदा स्वतःवरच उलटा फिरतो, त्याच्या कडेने चालणारा माणूस गोल फिरतो. मी दोनदा चुकलो, एकदा तर अंधार पडेपर्यंत. ब्लियाने हे मला सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं. आता तुला सांगतेय, नीट वाच: ओढाच उलटा फिरतो.

मग त्याने विचारलं, तुमचा मुलगा आला का? मी म्हटलं, ते अंडं उकडल्यावर कळेल. त्याने गंभीरपणे मान हलवली, जसं काही त्याच्या घरीही असंच करतात.

आमची गाडी, सांगायला लाज वाटते, त्या खोडापासून दीडशे पावलांवर पाइनच्या झाडांमागे उभी होती.

आणि ती गोळी ब्लियाची होती. आमच्या ओरडण्याने उठलेला नर तिच्या पुढ्यात गेला. आठ टोकांची शिंगं. तूफेंग, जो दुसऱ्या टोकाला मचाणावर झोपला होता, आता म्हणतोय ती जागा त्यानेच तिला दाखवली होती. मी सांगितलं, जनावर उठवायचा हाका मी आणि लायलने केला, तेव्हा वाटणी आमच्यापासून सुरू होईल. मागची एक तंगडी लायलला दिली. तो नको नको म्हणत होता. ब्लियाने त्याला समजावलं की म्हातारीशी वाद घालण्यात अर्थ नाही, आमच्यातले मोठमोठे हरलेत. जाताना त्याने ब्लियाच्या फोनवर त्या रानाचा नकाशा काढून दिला, ओक कुठे आहे तेही. तो ओक सगळ्यांना माहीत आहे म्हणे. पुढच्या वेळी आधी त्याच्या घरी कॉफी प्यायला यायचं ठरलंय.

घरी येऊन अंडं उकडलं. सोललं. ब्लिया आणि तूफेंग दोघं माझ्या डोक्यावरून वाकून बघत होते.

गुळगुळीत, नेंग. एक खळगा नाही, एक डाग नाही. तुझ्या पोराच्या गालासारखं.

बंडीचा फाटलेला खिसा मी शिवला आणि ती तळघरातून वर आणून दाराच्या खुंटीवर टांगली, जिथे ये-जा करणाऱ्यांची टांगतात. मटणातला खांद्याचा भाग तुझ्या नावाने बाजूला ठेवलाय. तूफेंगला सांगून ठेवलंय, हात लावलास तर हात जाईल.

आता एवढंच उरलं. बोलावलेला जीव मनगटाला पांढरा दोरा बांधल्याशिवाय टिकत नाही आणि दोरा बांधायचा तो बोलावणाऱ्या हाताने. तुझी बायको म्हणाली, पाकिटात घालून पाठवा, मी बांधते. नाही पाठवणार. आपलं नवं वर्ष डिसेंबरात आहे, तिकडून इकडे विमानं येतात असं ऐकते. पोराला घेऊन ये. नाही जमलं तर तसं कळव, मी दोरा घेऊन येईन. गुडघ्याला विचारणार नाही.

मला सही येत नाही, तुला माहीत आहे. ब्लिया म्हणाली, अंगठा उठवा. अंगठा मी सरकारला पुष्कळ वेळा दिलाय, मुलाला देणार नाही. म्हणून खाली त्याच पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका कागदात घातलाय. तेवढा तुझ्याकडे. उरलेला माझ्या हातात आहे, अजून तोडलेला नाही.

दारातच उभी असलेली,
तुझी चुकलेली आई