बोगद्यातून आलेला आजा

बाबा, तुमचा आजा बोगद्यातून आला नव्हता. सांगायचं एवढंच आहे, पण एवढ्यावर भागणार नाही.

लहानपणी मी विचारायची, आपण मूळचे कुठले? तुम्ही म्हणायचे, "माहा आजा बोगद्याचा. सागवानाच्या कामावर आला अन् इथीच राह्यला." मग झोपेत मला डोंगराला पडलेलं काळं भोक दिसायचं आणि त्यातून एक उंच, दाढीवाला माणूस डोळे चोळत बाहेर यायचा. त्याला इथली भाषा धड येत नव्हती, त्यानं गावातल्याच बाईशी लग्न केलं आणि शनिवारी तो काडीचंही काम करत नसे, एवढंच घरात ठाऊक होतं. गावानं आपला अर्थ लावून टाकला, याच्या मागे शनी लागलाय.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत आई भात रांधून हंडी निखाऱ्यांवर राखेत दाबून ठेवायची. शनिवारी चूल पेटायची नाही. मूल गावाकडचा सगळा पट्टा भाताच्या रोवणीत वाकलेला आणि आपल्या शेताची बांधी तेवढी रिकामी. मला तो दिवस फार आवडायचा. पडवीत पडून राहायचं, तळ्यावरचं ऊन कौलांखाली हलताना बघायचं, राखेच्या वासाचा कोमट भात खायचा. तुम्ही मात्र दिवसभर अंग चोरून बसलेले. आगपेटीला हात लावला की ओरडायचे, "ठेव ते! शनी पाठीशी हाये आपल्या." माझं ठरलेलं लग्न मोडायला आलेले पाहुणेही हेच म्हणाले, साडेसातीचं घर आहे. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि मान खाली घालून म्हणालात, "खरं हाये भाऊ." राग तुमचा नाही आला, त्या शनीचा आला.

पुढे लग्न झालं, मी वडशाला बँकेत लागले, तुम्ही गेलात. मग अलिबागकडचे एक साहेब बदलून आले. एकदा डब्यात कुणीतरी झिंग्यांची भाजी आणली. मी घेतली नाही, त्यांनीही नाही. ते म्हणाले, आम्ही ज्यू, आमच्यात झिंगे चालत नाहीत. मी म्हटलं, आमच्यातही नाहीत, आणि शनिवारी तर चूलच नसते. त्यांचा घास हातातच राहिला. "शुक्रवारी संध्याकाळपासून का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी तडक आत्याला गाठलं. तुमच्याहून बरीच मोठी, तुमच्या आजाला पाहिलेली ती एकटीच उरली होती. तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून म्हणाली, "अवं, बोगदा नाई, बगदाद म्हणे तो! तुह्या बापाले अर्धंच आयकू ये. शुक्रवारी सांजीले धुतलेले कपडे घाले, गाणे म्हणे, मले खांद्यावर घेऊन नाचे. तो कायले भेईन?"

"मग बाबाले काऊन नाई सांगितलं?"

"त्यानं कुठी इचारलं?"

साहेब म्हणाले, बगदादेतही ज्यू होते, आणि शनिवार म्हणजे आमच्यात आनंदाचा दिवस, आठवड्याचा सण. म्हणजे बाबा, आपल्या मागे कोणीच लागलं नव्हतं. तुम्ही जन्मभर एका सणाला भ्यालात. त्या दिवशी बँकेच्या मागच्या जिन्यात बसून मी खूप रडले.

हे पत्र कुठे टाकायचं, मला माहीत नाही. ते माझ्याजवळच राहील, म्हणून खरं लिहिते. परवा तुमच्या नातीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा फोन आला, शनिवारी येतो म्हणाले. मी म्हटलं, रविवारी या. सणाचा दिवस म्हणून नाही, बाबा. मला भीती वाटली.